खारेपाटणचा कैदी

मुंबईहून गाडीने मालवणला निघालात की राजापूर मागे पडल्यावर वीस-पंचवीस किलोमीटरवर खारेपाटण लागतं. सिंधुदुर्ग जिल्हा इथून सुरू होतो. थांबलंच कोणी तर चहापुरतं, नाहीतर सगळ्यांना पुढे कणकवली गाठायची घाई. ज्यांना इतिहासाचा किडा चावलाय त्यांना शिलाहार राजा रट्टराजाचा १००८ सालचा ताम्रपट इथला, एवढं माहीत असतं. विजयदुर्गापाशी समुद्रातून आत शिरलेली वाघोटनची खाडी पार इथवर येते. एके काळी तिच्यातून गलबतं खारेपाटणला लागत आणि माल घाट चढून देशावर जात असे.

मला मात्र खारेपाटण म्हटलं की फिलिप गिफर्ड आठवतो. हा ईस्ट इंडिया कंपनीच्या राजापूर वखारीतला नोकर. १६६० च्या सुरुवातीला त्याला इथल्या किल्ल्यात डांबून ठेवलं होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर ऑनसाईट गेलेला एम्प्लॉयी किडनॅप झाला.

हा विषय माझ्या डोक्यात घोळायला लागला तो डिसेंबर २००८ मध्ये. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर बऱ्याच देशांनी भारतात जाणाऱ्या आपल्या नागरिकांना सावधगिरीच्या सूचना दिल्या होत्या. आमच्या क्लायंटची चार माणसं पुण्याला यायची होती, त्यांनी तिकिटं कॅन्सल केली. त्यातला एक कॉलवर फार सज्जनपणे म्हणाला, तुमच्याबद्दल काही नाही रे, पण आमच्याकडच्या नकाशात सध्या तुमचा देश लाल आहे. अख्खा देश! पुणं, पाटणा, पोर्ट ब्लेअर, सगळं एकाच रंगात. मला राग आला, आणि लगेच आठवलं की आदल्याच वर्षी नायजेरियाची असाईनमेंट आली तेव्हा आम्ही सगळ्यांनी एका सुरात 'नको रे बाबा' म्हटलं होतं. लागोसचा नकाशा एकानेही उघडून पाहिला नव्हता.

असो. गिफर्डकडे परत येऊ.

नोव्हेंबर १६५९ मध्ये प्रतापगडाखाली अफझलखान मारला गेला. पुढच्या दोन-तीन महिन्यांत मराठी फौजा पन्हाळ्यापासून कोकणापर्यंत नुसत्या धावत होत्या. खानाची गलबतं राजापूरच्या खाडीत आली होती, ती ताब्यात घ्यायला एक तुकडी राजापुरात उतरली. (इंग्रजी पत्रांत तिच्या सरदाराचं नाव दोरोजी असं येतं.) आता गोची अशी की राजापूरच्या आदिलशाही अंमलदाराने इंग्रजांकडून पैसे उसने घेतले होते, आणि त्या कर्जापोटी एका गलबतावर इंग्रज आपला हक्क सांगत होते. मराठ्यांच्या दृष्टीने गलबत शत्रूचं. इंग्रजांच्या दृष्टीने ते तारण. गलबत मिळेना म्हणून मराठ्यांनी कंपनीची दलाली करणारा आपल्याकडचाच माणूस धरला. त्याला सोडवायला गिफर्ड गेला, तर त्यालाही धरलं. रवानगी खारेपाटणला.

वखारीचा प्रमुख होता हेन्री रेव्हिंग्टन. त्याने थेट शिवाजी महाराजांना पत्र लिहिलं. मैत्रीची भाषा केली, दंडा-राजपुरीच्या म्हणजे जंजिऱ्याच्या कामी मदत करू असं गाजरही दाखवलं. तेवढ्यात बातमी लागली की गिफर्डला खारेपाटणहून उत्तरेला साटवलीला हलवताहेत. साटवली आज लांजा तालुक्यात आहे. म्हणजे वाट राजापूरच्याच अंगावरून जाणार! रेव्हिंग्टनने तीसेक माणसं पाठवली, त्यांनी राजापूरपासून काही कोसांवर वाट अडवली आणि गिफर्डला सोडवून आणलं. फेब्रुवारी १६६० ची ही गोष्ट. खंडणी नाही, काही नाही.

इथे गोष्ट संपली असती तर हॉलीवूडवाल्यांना बरी पडली असती. पण त्याच उन्हाळ्यात सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, महाराज गडावर अडकले, आणि रेव्हिंग्टनला वाटलं की हीच वेळ आहे. आदिलशाहीची मर्जी संपादन करायची, जमलं तर दारूगोळाही विकायचा. तो स्वतः तोफा घेऊन पन्हाळ्याला गेला. बरोबर आणखी काही इंग्रज, त्यात नुकताच सुटलेला गिफर्डही. त्यांनी गडावर गोळे टाकले, आणि वर कमाल म्हणजे इंग्रजांचं निशाण फडकावून टाकले. व्यापारी म्हणून ज्या राज्याशी काल मैत्रीची पत्रं लिहिली, त्याच्यावर आज लोगोसकट मारा!

जुलैत महाराज पन्हाळ्यावरून निसटले. पुढचं आपल्याला शाळेपासून पाठ आहे. निशाण मात्र त्यांच्या लक्षात राहिलं. मार्च १६६१ मध्ये मराठे पुन्हा राजापुरात आले. वखार लुटली, आणि रेव्हिंग्टन, रिचर्ड टेलर, रँडॉल्फ टेलर, गिफर्ड वगैरे मंडळी कैद झाली. गिफर्डची ही चौदा महिन्यांत दुसरी खेप. त्यांना महाडजवळच्या सोनगडावर ठेवलं. खंडणीची मागणी झाली, दंडा-राजपुरीच्या मदतीचीही बोलणी झाली. पाऊस आला, गेला. दुसरा आला.

या कैद्यांनी सुरतेला आपल्या हेड ऑफिसला पत्रांवर पत्रं पाठवली. आधी विनवणीची, मग चिडलेली. आम्ही कंपनीसाठी इथे सडतोय आणि तुम्ही बोटसुद्धा हलवत नाही, हा सूर. मार्च १६६२ मध्ये सुरतेचा प्रेसिडेंट मॅथ्यू अँड्र्यूज याने जे उत्तर धाडलं ते वाचून मी खुर्चीत सरळ बसलो होतो. मतितार्थ असा: तुम्ही तुरुंगात कसे पोचलात हे तुमचं तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. कंपनीचा माल राखताना तुम्ही पकडले गेला नाहीत. पन्हाळ्यावर जाऊन, जे निशाण सगळ्यांना इंग्रजांचं म्हणून माहीत आहे त्याच्याखाली गोळे फेकलेत, त्याचं हे फळ.

म्हणजे महाराजांची बाजू इंग्रजांच्याच साहेबाने मांडून ठेवली. शिवचरित्रांत हे पत्र त्यासाठीच नेहमी येतं आणि आपण खूश होतो. मीही होतो. पण क्षणभर सोनगडावरच्या कोठडीत बसून ते पत्र वाचून बघा. हजारो मैलांवर घर, बाहेर सह्याद्रीचा पाऊस, आणि आपल्याच ऑफिसने लिहिलंय की तुमची केस आमच्या पॉलिसीत बसत नाही.

अँड्र्यूजचं म्हणणं खोटं नव्हतं. रेव्हिंग्टनने अगोचरपणा केलाच होता. पण त्याने पन्हाळा घेऊन दाखवला असता तर हेच ऑफिस त्याची पाठ थोपटायला पुढे आलं असतं, याबद्दल मला तरी शंका नाही. आणि रँडॉल्फ टेलरसारख्या खालच्या माणसाने साहेबाच्या हुकमापुढे काय करायचं होतं?

हा सूर तीनशे चाळीस वर्षांनी पुन्हा ऐकू आला, तो जपानात. एप्रिल २००४ मध्ये इराकमध्ये तीन जपानी नागरिकांना धरलं गेलं. त्यांतले दोघे मदतकार्याशी जोडलेले, एक छायाचित्रकार. आठवडाभराने सुटले. मायदेशी त्यांचं स्वागत शिव्यांनी झालं. सांगितलं होतं ना जाऊ नका म्हणून, मग तुमची जबाबदारी तुमची. सरकारने विमानाच्या भाड्याचं बिलसुद्धा त्यांना लावलं. अँड्र्यूज साहेबांना टोकियोत चांगली नोकरी मिळाली असती.

सोनगडचे शेवटचे कैदी फेब्रुवारी १६६३ मध्ये सुटले. जवळजवळ दोन वर्षं. राजापूरच्या नुकसानभरपाईची घासाघीस त्यानंतरही चालूच राहिली. १६७४ च्या जूनमध्ये राज्याभिषेकाला हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला तेव्हा झालेल्या तहात १०,००० होनांवर ती मिटली.

आता भाषेबद्दल थोडं. आपण 'कैद' म्हणतो, 'ओलीस' म्हणतो, आणि वर्तमानपत्रात 'अपहरण' वाचतो. तिन्ही शब्द एकाच माणसाला लागू शकतात, फक्त बोलणारा कोण ते बघायचं. त्यातला 'ओलीस' तर त्या काळी चक्क तहातला एक कलमाचा विषय होता. तह पाळला जावा म्हणून माणसं तारण ठेवायची, आपण गृहकर्जाला सदनिका ठेवतो तशी. १७७९ मध्ये वडगावला हरल्यावर इंग्रजांनी आपले दोन अधिकारी मराठ्यांकडे ओलीस ठेवले. १७९२ मध्ये कॉर्नवॉलिसने टिपूची दोन लहान मुलं ओलीस म्हणून नेली, आणि इंग्लंडात त्या प्रसंगाची चित्रं रंगवली गेली. त्या चित्रांत कॉर्नवॉलिस प्रेमळ काकांसारखा दिसतो. मुलं दहाच्या आतबाहेरची होती.

कोकणच्या किनाऱ्यावरची सगळ्यात गाजलेली कैदी मात्र एक मुलगी आहे. कॅथरीन कुक. १७०९ मध्ये बंगालला वडलांबरोबर निघालेलं तिचं जहाज कारवारला थांबलं. तेरा-चौदा वर्षांची असेल. कारवारच्या वखारीचा प्रमुख हार्वे नावाचा वयस्कर गृहस्थ होता, त्याच्याशी तिचं लग्न लावून दिलं आणि आईबाप पुढे गेले. (बालविवाहाबद्दल नंतर आपल्याला लेक्चर देणारे हेच लोक, हे जाता जाता.) हार्वे वारला. मग तिने टॉमस चाऊन नावाच्या तरुण अधिकाऱ्याशी लग्न केलं. नोव्हेंबर १७१२ मध्ये दोघं मुंबईला निघाली, मुंबईच्या गव्हर्नरच्या खास नौकेतून. वाटेत कान्होजी आंग्र्यांच्या चार जहाजांनी गाठलं. तोफगोळ्याने चाऊनचा हात गेला आणि रक्तस्राव होऊन तो तिच्या मांडीवर मेला. ती गरोदर होती. तिला कुलाब्याला नेलं.

कान्होजींची बाजू आपल्याला माहीत आहे आणि ती लंगडी नाही. समुद्र आमचा, आमचं दस्तक घ्या आणि खुशाल जा. पोर्तुगीज 'कार्ताझ' नावाने शंभर-दोनशे वर्षं हेच करत आले होते तेव्हा त्याला कोणी चाचेगिरी म्हटलं नाही. दस्तक न घेणाऱ्या कंपनीची नौका धरली तर ते आरमार झालं. पण नौकेत बसलेल्या मुलीला दस्तकाचा वाद कोणी समजावून सांगितला होता? माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांची इथे पंचाईत होते. कान्होजींचा अभिमान सोडवत नाही, आणि कॅथरीनकडे दुर्लक्ष करवत नाही. दोन्ही एकाच वेळी धरून बसायला मला तरी हरकत वाटत नाही.

कंपनीने तिच्यासाठी ३०,००० रुपये मोजले आणि फेब्रुवारी १७१३ मध्ये ती सुटली. चार महिन्यांच्या आत. सोनगडवाल्यांना दोन वर्षं लागली होती. ती गव्हर्नरच्या नौकेत होती, बाई होती, आणि मुंबईकरांना तेव्हा कान्होजींशी तह हवाच होता. सुटकेची किंमत ठरवताना कैद्याचा गुन्हा-बिन्हा फारसा मोजला जात नाही. त्याच्यामागे कोण उभं आहे आणि त्यांना या घडीला तह हवाय की भांडण, यावर ते ठरतं.

अशा दोन-चार हकिगती लंडनला पोचल्या की किनाऱ्याला नाव पडायला वेळ लागत नाही. इंग्रजांच्या लिखाणात 'मालवन' हा शब्द गावाबरोबरच चाच्यांची एक जात म्हणूनही येतो. 'मालवनांची' भीती! म्हणजे ज्या गावात मासे, मीठ आणि नारळ यांचा धंदा करणारे हजार जण असतील, त्या गावाचं नावच धोक्याचं विशेषण झालं. ही लाल रंगाची जुनी आवृत्ती.

१७६५ मध्ये इंग्रजांनी करवीरकरांकडून सिंधुदुर्ग घेतला. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन वॉटसन यांची मोहीम. किल्ल्याचं बारसं केलं 'फोर्ट ऑगस्टस'. महाराजांनी कुरटे बेटावर उभारलेल्या किल्ल्याचं हे नाव आज मालवणात कोणाला सांगितलं तर तो हसेल. वर्षभरातच त्यांना कळलं की हा किल्ला सांभाळणं परवडत नाही आणि पाडणंही सोपं नाही, म्हणून ३,८२,८९६ रुपये ठरवून तो करवीरकरांना परत केला. तिकडे रेडीचा यशवंतगडही घेतला होता. तो सावंतवाडीच्या खेम सावंतांना २ लाखांवर परत दिला, आणि त्या पैशांसाठी वेंगुर्ल्याचा महसूल तेरा वर्षं गहाण पडला. शिवाय सावंतांकडून दोन माणसं ओलीस घेतली. चाच्यांचा बंदोबस्त करायला आलेल्यांनी जाताना पैसे घेतले आणि माणसं ठेवून घेतली, बघा. ती दोन माणसं पुढे निसटली. त्यांनी पत्रं लिहिली असतील तर सुरतेच्या किंवा मुंबईच्या दप्तरात ती कोण जपून ठेवणार? कॅथरीनवर मात्र कर्नल बिडल्फने १९०७ मध्ये आपल्या पुस्तकाचा एक मोठा भाग खर्च केला.

राजापूरचाच आणखी एक कैदी सांगतो. तुम्हाला त्याचं नाव माहीत आहे, पण कैदी म्हणून नाही. बाळाजी आवजी. चिटणीस घराण्याच्या परंपरेत अशी हकिगत सांगतात की बाळाजींचे वडील जंजिऱ्याच्या सिद्दीकडे नोकरीला होते. सिद्दीची मर्जी फिरली, वडलांना मारलं आणि बायको व तीन मुलांना मस्कतला नेऊन विकायचा हुकूम झाला. गलबत राजापूरला लागलं. तिथे बाईचा भाऊ होता, त्याने बहीण आणि भाचे पैसे मोजून विकत घेतले. पुढे बाळाजींच्या अक्षरामुळे ते महाराजांच्या नजरेत आले, आणि स्वराज्याला चिटणीस मिळाला. तपशिलात बखरकारांनी मीठमसाला घातला असेल, सोडून द्या. पण किनाऱ्यावरची माणसं धरून मस्कतच्या वाटेने विकणं ही काही बखरीतली कल्पना नव्हती. सिद्दीच्या धाडींची दहशत त्यामुळेच होती. एकाच बंदरातून एका दशकाच्या मागेपुढे इंग्रज कैदी गेले आणि मराठी मुलं विकली गेली. पहिल्यांची पत्रं तारीखवार छापलेली मिळतात, दुसऱ्यांपैकी ज्या मुलाचं अक्षर चांगलं निघालं तेवढाच आपल्याला सापडला.

आता एकदम २०१० वर येतो, कारण तेव्हा मालवणचा समुद्र पुन्हा एकदा नकाशावर लाल झाला होता. हे फार थोड्यांना माहीत आहे.

सोमालियाचे चाचे तेव्हा भरात होते. जहाज कंपन्या आणि विमा कंपन्या मिळून समुद्राचा एक पट्टा 'हाय रिस्क एरिया' म्हणून आखतात. त्यात शिरलं की विम्याचा हप्ता वाढतो, जहाजावर बंदूकधारी रक्षक घेतले जातात. २०१०-११ मध्ये हा पट्टा पूर्वेकडे सरकवत सरकवत ७८ अंश पूर्व रेखांशापर्यंत आणला. मालवण आहे साडेत्र्याहत्तर अंशांच्या आसपास. म्हणजे गुजरातपासून केरळपर्यंतचा आपला अख्खा पश्चिम किनारा धोक्यात जमा. कागदावरची ती रेघ तशीच जमिनीवर वाढवली तर बंगलोरसुद्धा हाय रिस्कमध्ये येतं, कारण ते ७८ च्या पश्चिमेला आहे. भारताने तक्रारी केल्या. १ डिसेंबर २०१५ पासून रेघ ६५ अंशांवर मागे गेली, आणि १ जानेवारी २०२३ पासून तो पट्टाच रद्द झाला.

मधल्या काळात त्या रेघेने काय केलं? १५ फेब्रुवारी २०१२ ला केरळच्या किनाऱ्यापासून वीसेक सागरी मैलांवर 'एनरिका लेक्सी' या इटालियन तेलवाहू जहाजावरच्या नौसैनिकांना एक मासेमारी बोट चाच्यांची वाटली. त्यांनी गोळ्या झाडल्या. दोन मच्छीमार मेले. आपल्या रोजच्या जागी मासे धरणारी ती माणसं होती, फक्त त्या वर्षी ती जागा नकाशात लाल होती. खटला कोर्टातून आंतरराष्ट्रीय लवादात गेला, आणि जून २०२१ मध्ये १० कोटींची भरपाई घेऊन सर्वोच्च न्यायालयाने तो बंद केला. मालवण-देवगडच्या खलाशांशी कधी बोला. मोठं जहाज रात्री जवळून गेलं की तेव्हा दिवा हलवावा की विझवावा, हा प्रश्न त्यांना खरोखर पडत होता.

उलट बाजूने आपली माणसंही धरली जात होती. कोकणात घरटी एक तरी 'बोटीवर' असतो. बोटीवर म्हणजे मर्चंट नेव्हीत, हे पुण्या-मुंबईच्या मंडळींना मुद्दाम सांगावं लागतं. सप्टेंबर २०१० मध्ये 'अस्फाल्ट व्हेंचर' नावाचं जहाज सोमाली चाच्यांनी पळवलं. त्यावर पंधरा खलाशी, सगळे भारतीय. एप्रिल २०११ मध्ये खंडणी पोचली. जहाज सोडलं, आठ जण सोडले, आणि सात जणांना ठेवून घेतलं. का? तर त्या वर्षीच्या पहिल्या तीन महिन्यांत भारतीय नौदलाने शंभराहून जास्त सोमाली पकडून मुंबईला आणले होते. आमची माणसं द्या, मग तुमची. हा हिशेब जहाजमालकाच्या आवाक्याबाहेरचा होता. ते सात जण ऑक्टोबर २०१४ च्या अखेरीस सुटले. चार वर्षं. सोनगडच्या दुप्पट.

आणि त्याच काळातली एक हकिगत याच्या अगदी उलट. 'सुएझ' नावाच्या जहाजावर इजिप्शियन, भारतीय, पाकिस्तानी आणि एक श्रीलंकन असे खलाशी अडकले होते. मालक इजिप्तचा, कप्तान पाकिस्तानी. खंडणीचे पैसे पुरे पडेनात. तेव्हा पाकिस्तानातल्या अन्सार बर्नी या मानवी हक्क कार्यकर्त्याने लोकांकडून पैसे गोळा केले आणि जून २०११ मध्ये सगळे सुटले, त्यात सहा भारतीय. आमच्या ऑफिसात कोणी कराचीला जाणार का विचारलं असतं तर नायजेरियापेक्षा मोठा 'नको रे बाबा' आला असता.

माझा एक मामेभाऊ तेव्हा बोटीवर होता, तेलाच्या टँकरवर. धरला वगैरे गेला नाही, सुदैवाने. पण एडनच्या आखातातून जायचं असलं की जहाजाचा ठावठिकाणा बाहेर सांगायचा नाही असा नियम असे, आणि घरी आठ-दहा दिवस फोन नसे. मामी कणकवलीहून आईला फोन करून म्हणायची, "खंय आसा तां सुदिक सांगनत नाय गो!" आई मला विचारायची, तू कॉम्प्युटरवर बघ ना. जहाजांची जागा दाखवणाऱ्या साईट होत्या, मी बघायचो. चाच्यांना कळू नये म्हणून बरीच जहाजं त्या पट्ट्यात सिग्नल बंद ठेवत. स्क्रीनवर एका दिवशी ठिपका असे, दुसऱ्या दिवशी नसे. मी आईला सांगायचो, नेट स्लो आहे.

तो सुट्टीवर आला तेव्हा मी त्याला विचारलं होतं, तू 'नाही' म्हणू शकत नाहीस का? म्हणाला, शकतो की. युनियनशी करार असलेल्या जहाजावर तसा हक्क असतो. धोक्याच्या पट्ट्यात शिरण्याआधी खलाशाने नकार दिला तर कंपनीने त्याला स्वखर्चाने उतरवायचं. आणि जो जाईल त्याला तेवढ्या दिवसांचा बेसिक पगार दुप्पट. कप्तान कागद फिरवतो, त्यावर सही करायची. त्याने पाच वेळा सही केली होती. घराच्या स्लॅबचं काम निघालं होतं, आणि मामीला कागदाबद्दल काही सांगितलेलं नव्हतं.